न थांबता थांबण्याची कृती : नवशिक्यांसाठी

आधी एक थांबणारी वस्तू घ्या. ती शोधायला लांब जावे लागत नाही. हात सोडला तरी चालतच राहील अशी वस्तू या पृथ्वीवर मिळणे कठीण. बाकी सगळ्या थांबण्याच्याच वाटेवर असतात. तरी पहिल्या खेपेला छताचा पंखाच घ्यावा असा आमचा आग्रह आहे. तो पळून जात नाही, जागच्या जागी फिरतो आणि बटण बंद केल्यावर लिहून घ्यायला पुरेसा वेळ देतो. लाइट जाण्याची वाट मात्र पाहू नका. हवी तेव्हा ती जात नाही.

या मार्गदर्शिकेचा हेतू मर्यादित आहे. ती वाचून झाल्यावर कुठल्याही मंदावणाऱ्या वस्तूला घातांकी ऱ्हासाचे सूत्र लावून तुम्हाला देखणा आलेख काढता यावा. तो आलेख खरा आहे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो बहुधा पुढच्या इयत्तेला असतो.

साहित्य

पंखा, एक. पात्याला चिकटवायला लाल टेपचा तुकडा. स्लो मोशन असलेला मोबाइल. सेमी-लॉग आलेख कागद. पट्टी. कात्री (हिचा उपयोग पुढे कळेल). आणि एक सूत्र.

सूत्राचा मतलब साधा आहे: समान वेळात समान वेग जात नाही, समान हिस्सा जातो. पंखा सेकंदाला ६ फेऱ्या घेत होता आणि १० सेकंदांनी ३ उरल्या, तर २० सेकंदांनी दीड उरेल, ३० सेकंदांनी पाऊण, आणि असे निम्मे-निम्मे करत कितीही काळ बसलात तरी शून्य येणार नाही. हा निम्म्याचा हिशेब शास्त्रज्ञांना घरगुती वाटतो, म्हणून ते टाऊ नावाचा काळ वापरतात. एक टाऊ उलटला की वेग ३७ टक्के उरतो. पाच टाऊ उलटले की एका टक्क्याच्याही आत येतो. सुरुवातीचा वेग आणि टाऊ, असे दोन आकडे हाती आले की वस्तूचे पुढचे सारे आयुष्य तुम्हाला पाठ. दोन आकड्यांत एवढे भविष्य ज्योतिषीही सांगत नाहीत.

हे सूत्र कुठून आले असे कुणी विचारलेच, तर घराणे मोठे आहे असे सांगा. एडिंबरोजवळच्या मर्किस्टनचा जमीनदार जॉन नेपियर याने १६१४ मध्ये लॉगॅरिथमचे पहिले पुस्तक छापले. आज आपण लॉगॅरिथम घातांकांवरून शिकतो. नेपियरने मात्र दोन बिंदू पळवून त्याची व्याख्या केली. एक बिंदू अमर्याद रेषेवर एकसारख्या वेगाने जातो. दुसरा एक कोटी एकक लांबीच्या रेषेवर निघतो, आणि त्याचा वेग नेहमी पुढे उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो. अंतर निम्मे उरले की वेगही निम्मा. हा दुसरा बिंदू ४०० वर्षांहून जास्त काळ चालतो आहे आणि अजून पोचलेला नाही. म्हणजे हे सूत्र जन्मले तेच गतीच्या रूपात. फक्त ती गती कागदावरची होती, आणि नेपियरला त्यावरून पंखे थांबवायचे नव्हते, गुणाकार सोपे करायचे होते.

कृती

पंखा बंद असताना एका पात्याच्या टोकाला टेप लावा. (स्टूल कुणीतरी धरून ठेवावे, मुक्त पतनाचा प्रयोग या पाठात नाही.) पंखा पाचवर सोडा. मोबाइल जमिनीवर पालथा ठेवा, म्हणजे त्याचा मागचा कॅमेरा छताकडे पाहील. स्लो मोशन सुरू करा आणि मग बटण बंद करा.

साध्या व्हिडिओवर भागवू नका. तो सहसा सेकंदाला ३० चित्रे घेतो. सेकंदाला ६ फेऱ्या घेणारा पंखा तेवढ्यात, म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत, ७२ अंश फिरलेला असतो. पाती मात्र एकमेकींपासून १२० अंशांवर असतात, त्यामुळे डोळ्याला पंखा ४८ अंश उलटा गेल्यासारखा वाटतो. उलटा फिरणारा पंखाही घातांकी ऱ्हासाने थांबवता येतो, पण तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न निघतात. सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये एका फेरीला ४० चित्रे मिळतात आणि लाल टेप निवांत मोजता येते.

प्रत्येक फेरीला किती चित्रे लागली त्यावरून वेग काढा आणि सेमी-लॉग कागदावर मांडा: आडवा काळ, उभा वेग. या कागदाची खुबी अशी की घातांकी ऱ्हास त्यावर सरळ रेषा होऊन उतरतो. तुमचे बिंदू सरळ रेषेत येणार नाहीत. घाबरू नका. पहिले काही बिंदू हवे त्यापेक्षा भरभर उतरतील, मधले समजूतदारपणे जवळजवळ रांगेत उभे राहतील आणि शेवटचे एकदम तळाला जातील, कारण थांबलेल्या पंख्याला लॉग कागदावर जागाच नसते. तिथे शून्याची रेघ छापलेली नाही, मुद्दाम पाहून घ्या.

आता कात्री. सुरुवातीचे बिंदू कापा आणि वहीत लिहा, ‘प्रारंभिक अस्थिरता’. शेवटचे कापा आणि लिहा, ‘मापनातील त्रुटी’. मधल्यांवर पट्टी ठेवून रेघ ओढा. तिच्या उतारावरून टाऊ काढा आणि त्याला दशांशाच्या पुढे तीन स्थळे द्या. तीन स्थळे पाहिली की कापलेल्या बिंदूंची चौकशी सहसा होत नाही.

निरीक्षण (हे परीक्षेला नाही)

कापलेल्या तुकड्यांत काय होते ते एकदा पाहायला हरकत नाही.

पंख्याला अडवणारे दोघे आहेत. पहिली हवा. पात्याचा वेग दुप्पट झाला की ते तेवढ्याच वेळात दुप्पट हवा ढकलते, आणि तीही दुप्पट वेगाने. म्हणून हवेचा रोध चौपट होतो. दुसरे बेअरिंग. तिथले घर्षण पंखा जोरात फिरो की हळू, साधारण ठरावीकच टोल घेते. आता सूत्राची अट आठवा: ऱ्हास घातांकी व्हायचा तर रोध वेगाच्या प्रमाणात हवा, दुपटीला दुप्पट. या दोघांपैकी ती अट कुणीच पाळत नाही. एक चौपट मागतो, दुसरा जेवढ्यास तेवढे. मग मधले बिंदू सरळ रेषेत का आले?

थोडा हिशेब करू. ऱ्हासाचा दर म्हणजे रोध भागिले वेग. हवेचा वाटा या दरात वेगाबरोबर वाढतो. बेअरिंगचा वाटा उलट, वेग घटेल तसा वाढतो. कुठल्या तरी एका वेगाला दोघांचे वाटे समान होतात, आणि नेमकी तिथेच त्यांची बेरीज सर्वांत कमी असते. समजा तो वेग सेकंदाला २ फेऱ्या आहे. सोयीचे एकक घेतले तर तिथे हवेचे २, बेअरिंगचे २, एकूण ४. वेग ४ फेऱ्या असताना हवेचे ४, बेअरिंगचा १, एकूण ५. वेग १ फेरीवर आला की हवेचा १, बेअरिंगचे ४, पुन्हा ५. म्हणजे पंखा ४ फेऱ्यांवरून १ वर उतरतो त्या सगळ्या काळात दर ४ आणि ५ यांच्यामध्येच राहतो. पेन्सिल जरा बोथट असली की एवढा फरक रेघेच्या जाडीत जिरतो. ६ फेऱ्यांना दर ६.७ होता, तो तुकडा तुम्ही आधीच कापला. पाव फेरीला तो १६ च्या वर जातो, तोही कापला.

थोडक्यात, वेगाच्या प्रमाणात अडवणारा पंख्याच्या आसपास कुणी नव्हता आणि तरी आलेख त्याचाच निघाला. या सरळ रेषेवरून ‘रोध वेगाच्या प्रमाणात आहे’ असा निष्कर्ष काढणारा माणूस दोन चोरांच्या उंचीची सरासरी काढून तेवढ्या उंचीच्या शेजाऱ्याला पकडून आणतो. शेजारी मोजमापात चपखल बसतो, ही त्याची चूक नाही.

त्याचबरोबर हेही कबूल केले पाहिजे की मधल्या पट्ट्यापुरता तुमचा टाऊ कामाचा आहे. ४ फेऱ्यांवरचा पंखा २ वर कधी येईल, हे तो बऱ्यापैकी सांगेल. पंखा थांबणार कधी, एवढे मात्र त्याला विचारू नका. त्याच्या मते कधीच नाही.

किती जागा लागेल?

वेगाचा आलेख कुणालाही फसवू शकतो. अंतर जरा कमी भोळे असते. म्हणून पाहुण्यांसमोर अंतराचा विषय काढू नये. एकांतात मात्र ही कसोटी करून पाहा: वस्तू दुप्पट वेगाने सोडली तर थांबेपर्यंत किती पट लांब जाते?

घातांकी ऱ्हासात उत्तर आहे दुप्पट. थांबायला अनंत काळ लागतो, पण तेवढ्या काळात कापायचे अंतर मोजके असते: सुरुवातीचा वेग गुणिले टाऊ. सेकंदाला एक मीटर वेग आणि टाऊ अर्धा सेकंद, तर अंतर अर्धा मीटर, त्यापुढे केसभरही नाही.

कोरड्या घर्षणात उत्तर आहे चौपट. कॅरमचा स्ट्रायकर घ्या. पावडर नीट पसरलेल्या बोर्डवर त्याला अडवते ते मुख्यतः घर्षणच, आणि ते वेगाकडे फारसे बघत नाही. दर सेकंदाला ठरावीक वेग कापत जाते आणि एका निश्चित क्षणी स्ट्रायकर खराखुरा थांबतो. दुप्पट जोराने मारला तर दुप्पट वेळ चालतो आणि सरासरी वेगही दुप्पट, म्हणून चौपट लांब. (वाटेत बोर्डाची कड येते, हे सैद्धांतिक विवेचनात धरलेले नाही.) कॅरम खेळणाऱ्या कुठल्याही पोराच्या बोटांना हा वर्गाचा नियम ठाऊक असतो, घातांकी ऱ्हासावर विश्वास ठेवून मारणाऱ्याची सोंगटी भलतीकडे जाते.

आणि रोध फक्त हवेचा, वेगाच्या वर्गाचा असेल तर? मग गंमतच आहे. तिथे वस्तू थांबत तर नाहीच, पण तिचे अंतरही संपत नाही. वेग घटतो तसा रोध त्याहून झपाट्याने घटतो आणि अडवणारा कुणी उरतच नाही. वस्तू कंटाळवाण्या गतीने पण अमर्याद लांब जाते. तेव्हा एकच वस्तू तीन सूत्रांनी तीन ठिकाणी पोचते, आणि तिन्ही आलेख मधल्या भागात एकमेकांच्या बरेच जवळून जातात.

जिथे कात्री लागत नाही

या सूत्राची एवढी थट्टा केल्यावर त्याचे खरे घर कुठे आहे ते सांगणे भाग आहे. ते लहान आणि संथ गोष्टींच्या प्रदेशात आहे.

धुक्यातला १० मायक्रॉन व्यासाचा थेंब घ्या. हवा त्याच्या दृष्टीने चिकट असते, आणि चिकटपणाचा रोध वेगाच्या प्रमाणात असतो. गोलासाठीचा हा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ च्या एका प्रबंधात मांडला. तो प्रबंध वास्तविक लंबकांवर होता. या थेंबाचा टाऊ सेकंदाच्या सुमारे तीन दशसहस्रांश भरतो. सोडल्यावर तेवढ्यातच तो आपल्या कायमच्या वेगाजवळ येतो, सेकंदाला ३ मिलिमीटर, आणि धुके तरंगते असे आपण म्हणतो.

इथे नवशिक्याला उत्साह येतो आणि तो हेच सूत्र पावसाला लावतो. अवश्य लावा. स्टोक्सच्या नियमाने हा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो. पावसाचा २ मिलिमीटरचा थेंब त्या धुक्याच्या थेंबाच्या २०० पट मोठा, म्हणजे वेग ४०,००० पट: सेकंदाला १२० मीटर, ताशी ४०० किलोमीटरहून जास्त. आषाढात या वेगाने पाऊस पडता तर छत्र्यांचा धंदा कधीच बसला असता. खरा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास पडतो, कारण एवढ्या मोठ्या थेंबामागे हवेचे भोवरे तयार होतात आणि रोध वर्गाचा होतो. फरक वीसपटीच्या जवळचा आहे. ‘मापनातील त्रुटी’ लिहून तो जाणार नाही.

उलट दिशेलाही हद्द आहे. शिकागोत रॉबर्ट मिलिकन तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजत होते तेव्हा त्यांना स्टोक्सचा नियम जसाच्या तसा वापरता आला नाही. थेंब इतका लहान झाला की हवा त्याला सलग द्रव्य न राहता सुट्या रेणूंची वाटू लागते आणि तो थोडा जास्तच भरभर पडतो. ती दुरुस्ती कनिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाते, १९१० ची.

घरात बसून खरा घातांकी ऱ्हास पाहायचा असेल तर जुना वीजमीटर आठवा, काचेमागे ॲल्युमिनियमची चकती फिरत असे तो. चकती कायमच्या चुंबकाच्या फटीतून फिरते, तिच्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते तिला अगदी वेगाच्या प्रमाणात अडवतात. हे प्रमाण बिघडले असते तर युनिटेच चुकली असती. पण बेअरिंग तिथेही होतेच. त्याच्या घर्षणाची भरपाई करायला मीटरमध्ये वेगळी सोय असे, आणि भरपाई जास्त झाली की घरात एकही दिवा चालू नसताना चकती हळूहळू सरकू लागे. ते थांबवायला चकतीला समोरासमोर दोन भोके पाडत. नुसता वेगाच्या प्रमाणातला रोध थांबवण्याच्या कामाचा नाही, हे मीटर बनवणाऱ्यांना माहीत होते. रोलर कोस्टर बांधणाऱ्यांनाही असते. चुंबकी ब्रेक गाडीला सुंदर मंदावतात, पण वेग शून्याकडे गेला की त्यांचा जोरही शून्याकडे जातो; उतारावर गाडी धरून ठेवायला शेवटी घासणारा ब्रेक लागतोच.

न्यूटनला हे सगळे आधीच दिसले होते. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या खंडाचा पहिला विभाग वेगाच्या प्रमाणातल्या रोधावर आहे. सुरेख प्रमेये एकामागून एक येतात. आणि विभागाच्या शेवटच्या टिपेत तो म्हणतो की हे गृहीतक निसर्गापेक्षा गणिताचे आहे. लगेच पुढचा विभाग वर्गाच्या रोधाचा. म्हणजे आधी सोपे ते करून घेतले, मग खरे. बहुतेक पाठ्यपुस्तके पहिला विभाग घेतात आणि टीप वगळतात. पुढे १७१९ मध्ये देसाग्युलिए या त्याच्या सहकाऱ्याने डुकरांच्या मूत्राशयांचे फुगवून गोळे केले आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये २७२ फुटांवरून खाली सोडले. तो तपशील न्यूटनने पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत घेतला. आमच्या साहित्यात मूत्राशये नाहीत, पंखाच आहे, याबद्दल वाचकांनी आभार मानावेत.

पडद्यावर सगळे चालते

ज्यांना वरील अडचणी जाचतात त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर राहायला जावे. तिथे बेअरिंग नाही, हवा नाही, आणि निसर्ग लिहिणारा प्रोग्रामर पगारी आहे. आयफोनवर बोटाने झटका दिलेली यादी घरंगळत जाते ती शुद्ध घातांकी ऱ्हासाने: नेहमीच्या मांडणीत वेग दर मिलिसेकंदाला ०.९९८ पट होतो. सेकंदभरात तो साडेतेरा टक्के उरतो. टाऊ अर्धा सेकंद. आणि अंतर मोजकेच असल्यामुळे बोट उचलताच यादी कुठे थांबणार हे फोनला आधीच माहीत असते.

तरी यादी थांबते कशी? वेग एका किमान मर्यादेखाली गेला की प्रोग्राम सरळ तोडून टाकतो. कात्री तिथेही आहे, फक्त ती उघडपणे कोडमध्ये लिहिलेली असते.

खेळ लिहिणाऱ्या नवशिक्यांसाठी एक जास्तीची सूचना. ‘दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग पुढे सरक’ ही एक ओळ सर्वांना फार आवडते. नेपियरचा बिंदूच तो. पण सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर सेकंदाअखेर ०.२ टक्के अंतर उरते आणि ३० फ्रेमच्या फोनवर ४ टक्के. एकच राक्षस महागड्या फोनवर चपळ आणि स्वस्त फोनवर आळशी. हिस्सा फ्रेमचा नसतो, वेळेचा असतो.

प्रगत अभ्यासक्रम : उसेन बोल्ट

इथवर वस्तू मंदावत होत्या. आता एक माणूस वेग घेतो आहे. सूत्र तेच राहते, फक्त ऱ्हास होतो तो वेगाच्या तुटीचा. धावपटू ज्या कमाल वेगाला जाणार त्यापेक्षा आत्ता किती कमी आहे, ती तूट दर टाऊला ३७ टक्क्यांवर येते. ए. व्ही. हिल यांच्या गटाने १९२० च्या दशकात धावणाऱ्यांच्या अंगाला चुंबक बांधून त्यांना तारांच्या वेटोळ्यांजवळून पळवले आणि असाच वक्र मिळवला. १९७३ मध्ये गणिती जोसेफ केलर यांनी त्यावर स्पर्धात्मक धावण्याचा सिद्धांत उभा केला. पायांचा जोर ठरावीक आणि शरीराचा अंतर्गत रोध वेगाच्या प्रमाणात, असे मानून.

बर्लिन, १६ ऑगस्ट २००९. १०० मीटर, ९.५८ सेकंद. बंदूक वाजल्यापासून बोल्ट हलेपर्यंत ०.१४६ सेकंद गेले, ते वजा करा. कमाल वेग सेकंदाला १२.३ मीटर घ्या, टाऊ १.२६६ सेकंद. आता दर १० मीटरच्या त्याच्या नोंदींशी ताडून पाहा. तो १० मीटरवर होता तेव्हा सूत्र त्याला ९.८ वर ठेवते. तो ३० वर, सूत्रही ३० वर. ५० ला १५ सेंटिमीटर पुढे. ७० ला जेमतेम ३ सेंटिमीटर. दोन आकड्यांत एक अख्खा बोल्ट मावला, आणि इथे एकही बिंदू कापावा लागला नाही. नवशिक्याने या ठिकाणी थांबून चहा घ्यावा.

चहानंतर शेवटचे ३० मीटर पाहा. ६० ते ७० मीटरचा तुकडा त्याने ०.८१ सेकंदात घेतला, शेवटचा ०.८३ मध्ये. बोल्ट मंदावत होता. सूत्राला हे कळणेच शक्य नाही: त्याची तूट फक्त घटते, त्यात दमणे नाही. म्हणून ९० ला सूत्राचा बोल्ट सुमारे २५ सेंटिमीटर पुढे, आणि १०० ला अर्धा मीटर. सूत्राचा बोल्ट ९.५४ मध्ये पोचतो. चार शतांश सेकंद, कुणी म्हणेल, हा काय फरक झाला? या शर्यतीत जग शतांशांनीच मोजले जाते.

केलरना हे माहीत होते. म्हणून त्यांनी दमण्याचा हिशेब वेगळा ठेवला: शरीरातला ऊर्जेचा साठा, त्यात श्वासाने पडणारी भर, आणि साठा संपला की जोर उतरणे. लोकांनी मात्र सोपे ते उचलले. पहिला विभाग घ्यायचा आणि टीप सोडायची, ही परंपरा जुनीच आहे.

दक्षता

सूत्र ज्या पट्ट्यात जुळले त्याची दोन्ही टोके आलेखावर पेनाने लिहा. पेन्सिलने नको, पेन्सिल खोडता येते. टाऊ वस्तूचा नसतो, त्या पट्ट्याचा असतो. तोच पंखा ५ वरून सोडला आणि २ वरून सोडला तर वेगळा टाऊ येईल. वक्र जुळत नसेल तर दुसरा घातांक मिळवू नका. दोन घातांकांची बेरीज जवळजवळ कशालाही जुळते, तीन घेतले तर हत्तीलाही जुळतील.

स्वाध्याय

१. पितळी कड्यांच्या झोपाळ्यावरून मूल उतरले. झोका आधी भराभर लहान झाला, मग दर हेलकाव्याला साधारण सारखाच कमी होत गेला आणि शेवटी मधोमध न येता किंचित एका बाजूला उभा राहिला. यातला कुठला भाग घातांकी आहे? ‘कुठलाच नाही’ हे उत्तर दिल्यास कारण लिहा.

२. वरील सूत्राने बोल्ट २०० मीटर १७.७ सेकंदांत धावतो. त्याच आठवड्यात, २० ऑगस्टला, त्याच मैदानावर तो प्रत्यक्षात १९.१९ सेकंदांत धावला. वळणाचा दोष किती आणि दमण्याचा किती, हे सूत्राला विचारा. सूत्र गप्प राहिल्यास तसे नोंदवा.

३. ४०० मीटर सूत्राने ३४ सेकंदांच्या आत येतात. वेड व्हॅन नीकर्कला २०१६ मध्ये रिओला ४३.०३ सेकंद लागले आणि तो जागतिक विक्रम ठरला. सूत्राच्या बाजूने युक्तिवाद करा. (गुण २)

४. सूत्राचा बोल्ट बर्लिनचीच मॅरेथॉन ५७ मिनिटे १२ सेकंदांत पुरी करतो. एलियुड किपचोगेला ती २०२२ मध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पुरी करता आली. मधल्या तासाभरात बोल्टने काय करावे, ते सकारण लिहा. (गुण ५)